बाचा आवाज, नव्या मशीनच्या पोटात

९ नोव्हेंबर

बाचा कॉम्प्युटर गेला.

याडीचा फोन सकाळीच. आई स्वतःहून फोन करते तेव्हा काहीतरी झालेलं असतंच. तिला नंबर वाचता येत नाही, शेजारच्या कुणाला लावून मागावा लागतो. म्हणाली, "तुह्या बाचं बोलणं बंद झालं." दोन-तीन प्रश्नांनंतर कळलं की बा ठीक आहे, मशीन बंद पडलंय. जळका वास आला आणि पडदा काळा झाला म्हणे.

तिच्यासाठी दोन्ही एकच. घशाच्या ऑपरेशनमध्ये बाचा आवाज गेला (तंबाखू-सुपारीचा खर्रा, दुसरं काय), त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून तो टाइप करतो आणि कॉम्प्युटर मोठ्यानं वाचतो. कचेरीत आयुष्यभर टायपिंग केलेली बोटं, त्यामुळे बोलण्याचा वेग आमच्याएवढाच. आवाज पत्र्यावर खडा ओढल्यासारखा. आम्हाला आता तोच बाचा वाटतो.

उद्या सुट्टी टाकली.

१० नोव्हेंबर

पुसदहून उमरखेडच्या एसटीनं फाट्यापर्यंत, पुढे पायी. वाटेत सगळीकडे कापसाची वेचणी. आमच्या बंजारा तांड्यावर दुपारी कुणी नाही, सगळे वावरात.

डबा उघडला. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत, एक फुटलाय. एवढा जुना बोर्ड आता कुठं मिळायचा. हार्ड डिस्क मात्र शाबूत. माझ्या लॅपटॉपला जोडून पाहिली, सगळं दिसतंय.

बा पाटीवर लिहून बोलतोय. सवयीनं पाटी याडीपुढे धरतो. ती पाटीकडे बघते, मग माझ्याकडे. मी वाचून दाखवते. 'पाणी तापव.' 'शेळीले चारा टाकला का?' नवऱ्याची वाक्यं लेकीच्या तोंडून. एकदा त्यानं बरंच काही लिहिलं, मी वाचायला पुढे झाले तशी तळहातानं पुसून टाकलं. ते माझ्यासाठी नव्हतं. याडीनंही विचारलं नाही.

डिस्क घेऊन परत निघाले.

१२ नोव्हेंबर

विजयनं पुण्याहून नवा फोन पाठवला, त्यात बोलणारं ॲप टाकून. भावाचं म्हणणं, "ताई, जुनाट डब्यात काय जीव अडकवतेस? हे ऐक, अगदी रेडिओवरच्या निवेदकासारखा आवाज आहे." आहे खरा. गोड, भारदस्त, स्वच्छ.

अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मीच तो घेऊन गेले. बानं चाचपडत टाइप केलं. त्याच्या बोटांना टाइपरायटरचा कळफलक माहीत, फोनवरचा नाही. तो याडीला नावानं हाक मारत नाही, आमच्या बोलीत, गोरमाटीत, 'शारदारी याडी' म्हणतो, शारदाची म्हणजे माझी आई. फोननं त्याचं 'शारदारी यादी' केलं. परत टाइप केलं, परत यादी. जुन्या मशीनलाही गोरमाटी येत नव्हतीच, नुसती मराठी यायची. पण त्यात शब्द शिकवायची सोय होती. स्पेलिंग वाकडं-तिकडं करून, ऐकून, पुन्हा दुरुस्त करून बानं वर्षानुवर्षं त्याला आमची भाषा बोलायला लावली. तसे हजारो शब्द असतील. फोनला ते कुठून येणार.

शेवटी बानं सोपं मराठी टाइप केलं: 'चहा ठेव.' फोन बोलला.

आणि याडीनं ओढणी कपाळावरून पुढे ओढली. घरात परका माणूस आला की ओढते तशी. चहा ठेवला, पण फोनकडे पाठ करून.

बानं ते पाहिलं. फोन उशीखाली सारला.

येताना फोन परत आणला. विजयला सांगितलं तर हसला. मला नाही हसू आलं.

१४ नोव्हेंबर

ठरवलं. जुनं मशीन आहे तसं नव्या लॅपटॉपच्या पोटात बसवायचं. माझ्या नोकरीत मी हेच करते. पुसदच्या घरात खुर्चीवर बसून (ऑफिस म्हणजे तीच खुर्ची) लोकांची मशीनं सांभाळायची. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा, नुसत्या फायलींचा बनलेला. आतल्याला आम्ही 'गेस्ट' म्हणतो, बाहेरच्याला 'होस्ट'. आतल्याला ठाऊक नसतं की आपण पाहुणे आहोत. त्याला वाटतं आपला पडदा खरा, आपला माउस खरा. आणि म्हणूनच तो अडखळतो. मग त्याच्यात 'गेस्ट टूल्स' नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर टाकायचं, ते दोघांमध्ये दुभाषाचं काम करतं. पडदा किती मोठा, आवाज कुठून काढायचा, घड्याळात किती वाजलेत, सगळं ते आतल्याला सांगतं.

ऑफिसात दिवसभर आमचा एकच प्रश्न, "टूल्स टाकले का?" कधी विचारही केला नाही की हे घरासाठी करावं लागेल.

डिस्कची कॉपी करायला लावली. खूप वेळ खाणार.

१७ नोव्हेंबर

चालू झालं! आधी निळा पडदा, परत निळा पडदा, मग सेटिंगमध्ये डिस्कचा प्रकार बदलला आणि एकदम बाचा डेस्कटॉप समोर. सेवालाल महाराजांचा फोटो, खाली त्याच्या फायली.

पण पोस्टकार्डाएवढा पडदा, माउस आत शिरला की बाहेर येईना, आणि आवाज नाही. अजिबात नाही. आतल्याला ठाऊकच नाही की आपल्याला स्पीकर आहे. मुक्या माणसाचं मशीनही मुकं, असं मनात आलं आणि माझंच मला वाईट वाटलं.

एक काळजी घेतली. इतक्या जुन्या मशीनला एकदम आजची तारीख दाखवली की ते नाही नाही ते सुचवू लागतं. बाच्या कॉम्प्युटरमधली घड्याळाची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे तो दर वेळी त्याच एका जुन्या सालात उठायचा. मीही तेच साल दिलं. बिचाऱ्याला घर बदलल्याचं कळू नये.

१८ नोव्हेंबर

नवे टूल्स टाकले. नकार. 'ही प्रणाली चालणार नाही.' इतक्या जुन्या पाहुण्याला आता कुणी विचारत नाही.

जुनी आवृत्ती शोधून टाकली. अर्धी झाली आणि लटकली. बंद करून चालू केलं तर वर्तुळ फिरतच राहिलं. सेफ मोडमध्ये जाऊन सगळं काढलं. प्रकाश शेजारी बसून विचारत होता, "काय म्हणतं?" माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो, त्याला यातलं काही कळत नाही, पण रोज विचारतो. बरं वाटतं.

२१ नोव्हेंबर

आज तांड्यावर नसाब, आमचा न्यायनिवाडा, बसला. बा तांड्याचा नायक आहे, निकाल त्यानं सांगायचा. दोघा भावांचं बांधावरून भांडण. मी मुद्दाम गेलते.

बानं सगळं ऐकून पाटीवर लिहिलं आणि कारभाऱ्यानं मोठ्यानं वाचलं. कारभारी चांगला माणूस आहे, पण मऊ. मी बाच्या मागे उभी होते, पाटी मला दिसत होती. बानं लिहिलं होतं, 'बांध मोठ्यानं कोरला. त्यानं तो मागं घ्यावा.' कारभारी म्हणाला, "नायक म्हणते, दोघांनी समजून घ्या, बांध मागं-पुढं होतच राह्यतो." बानं पाटी खाटेवर आपटली. पुन्हा लिहिलं. कारभाऱ्यानं पुन्हा मऊ केलं. मोठा भाऊ समाधानानं उठून गेला, धाकटा जमिनीकडे बघत राहिला.

मी मध्ये बोलायला हवं होतं का? बायांनी नसाबात बोलायचं नाही असं आता कुणी म्हणत नाही. पण बानं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याला कुणाचंच तोंड उसनं नको होतं.

घरी आल्यावर लिहून दाखवलं, 'लवकर कर.'

२२ नोव्हेंबर

दिवसभर वेगवेगळ्या जुन्या आवृत्त्या. एकीत पडदा नीट तर आवाज नाही. दुसरी आतल्यालाच झोपवते.

शेवटी हट्ट सोडला. पूर्ण संच टाकायचाच नाही, नुसते पडद्याचे आणि आवाजाचे ड्रायव्हर टाकायचे, बाकी सोयींपुढच्या टिकच्या खुणा काढून टाकायच्या. ड्रायव्हर सरळ बसले. पडदा पसरला. आणि स्पीकरमधून 'टिंग'.

स्वयंपाकघरातून प्रकाश धावत आला.

२३ नोव्हेंबर

लॅपटॉप घेऊन तांड्यावर. बानं हात पुसले, बसला, आणि न बघता टाइप करायला लागला. मशीन बोललं तर आवाज बारीक, भरभर, पोरसवदा. ध्वनीचा वेग जुळत नव्हता.

याडी चुलीपाशी होती. ऐकलं आणि हसायलाच लागली. म्हणाली, "हा तं तुमचा लगनातला आवाज हाय." बाही हसला. ऑपरेशननंतर त्याचं हसणं म्हणजे नुसता श्वास, पण खांदे हलतात. दोघं असं एकत्र हसताना मी कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

साउंड कार्डचा प्रकार बदलला. आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. बाचा झाला. 'शारदारी याडी' म्हणाला, अगदी स्वच्छ. मी याडीकडे पाहिलं. ती हसायची थांबली होती, भाकरी उलटत होती. डोळ्यांत धूर गेला असेल.

या अवस्थेचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला. म्हणजे पुढे काही बिघडलं तर मशीनला जसंच्या तसं या घडीला परत आणता येतं.

२४ नोव्हेंबर

बा बोलतोय. सकाळपासून बोलतोय. सुनावण्या, सूचना, गेल्या दिवसांचं सगळं साठलेलं. कारभाऱ्याला बोलावून घेतलं आणि बांधाचं काय ते ऐकवलं. धाकट्या भावालाही निरोप गेला. काही नवे शब्दही मशीनला शिकवले.

निघण्याआधी वाटलं, काम अर्धवट नको. माउस अजून अडकत होता, आणि आतल्या फायली बाहेर ठेवायला सोय नव्हती. लॅपटॉपला काही झालं तर? आता मशीन स्थिर आहे म्हणून टूल्सचा पूर्ण संच टाकला, सगळ्या खुणांसकट. या वेळी गुपचूप बसला. बरोबर चाललं.

२५ नोव्हेंबर

याडीचा फोन. "पुन्हा बंद."

शेजाऱ्याच्या फोनवरून, व्हिडिओ कॉलवर बानं पडदा दाखवला. बोलणारा प्रोग्राम उघडताच चौकट येते: 'चाचणी आवृत्तीची मुदत संपली आहे.' खाली एकच बटण, 'बाहेर पडा.'

कसली मुदत? इतकी वर्षं चालत होता.

२६ नोव्हेंबर

कळलं. चहा पिता पिता लक्षात आलं आणि कप तसाच ठेवला.

पूर्ण संचात घड्याळ जुळवायची सोय असते, खूण आपोआप लागलेली. टूल्सनं प्रामाणिकपणे आतल्याला आजची तारीख सांगितली. तो प्रोग्राम नागपूरच्या एका कॉलेजातल्या सरांनी बनवून बाला वापरून बघायला दिला होता, एका वर्षासाठी. बाच्या कॉम्प्युटरची बॅटरी मेलेली, ते रोज त्याच जुन्या सालात जागं व्हायचं. म्हणून ते वर्ष कधी संपलंच नाही. बा इतकी वर्षं बोलत राहिला कारण मशीनला वेळ कळत नव्हती, आणि मी ती कळवली.

तारीख मागे घेतली. तरी चौकट येतेच. एकदा मुदत संपली की प्रोग्राम आत कुठंतरी लिहून ठेवतो. स्नॅपशॉटवर परत गेलं की ते लिहिलेलं जाईल. पण थांबले. मुदत घातली ती कुणीतरी विचार करूनच. त्यांना न विचारता मागच्या दारानं कसं शिरायचं?

२८ नोव्हेंबर

सरांचा नंबर बाच्या जुन्या ओळखीतून मिळाला. निवृत्त झालेत, अमरावतीला असतात. प्रोग्रामचं नाव सांगितलं. बाचं सांगितलं, मग म्हणाले, "तो प्रोग्राम अजून जिवंत आहे?"

बराच वेळ बोलले. मुदत का घातली होती? तर वर्षानं लोकांनी परत यावं आणि सुधारलेली आवृत्ती घ्यावी म्हणून. ती सुधारलेली आवृत्ती कधी झालीच नाही. मुलं पास होऊन गेली, खोली दुसऱ्या विभागाला मिळाली. मूळ फायली त्यांच्याकडेही नाहीत. किल्ली वगैरे काही देता येणार नाही, पण वापरा, म्हणाले, हवं तेवढं वापरा, घड्याळ मागेच ठेवा.

मग विचारलं, "कसा वाटतो हो आवाज?"

मी खरं सांगितलं, खरखरीत आहे. आणि घरात आम्हाला तोच खरा वाटतो.

फोन ठेवण्याआधी म्हणाले, त्यांना एकदा ऐकायचाय. बाला विचारते म्हटलं.

३० नोव्हेंबर

लॅपटॉप पुसदला आणून स्नॅपशॉटवर परत नेला. बानं २४ तारखेला शिकवलेले शब्द गेले, त्याला इलाज नाही. टूल्स पुन्हा टाकले, या वेळी घड्याळाची खूण काढून, आणि घड्याळ जुळवणारी सेवा बंद आहे ना हे दोनदा तपासून. तीन-चार वेळा चालू-बंद केलं. तारीख जुनीच. आवाज चालू.

टूल्समध्ये एक जास्तीची सोय आहे, आतलं मशीन जिवंत आहे की नाही ते बाहेर कळवायची. लॅपटॉपला डोंगल लावलं, इंटरनेट असलं की माझ्या इथल्या पानावर हिरवा ठिपका. ऑफिसात अशा ठिपक्यांच्या रांगाच असतात. बाचाही त्यात घेतला. बिघडलं तर याडीला फोनसाठी कुणाच्या दारी जावं लागू नये. आत काय चाललंय ते त्यातून दिसत नाही. तरी बाला विचारूनच चालू ठेवीन.

पुढच्या रविवारी नेणार.

७ डिसेंबर

आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

गेले तर बा पंचायतीत गेलेला, पाटी घेऊन. याडी वावरात. लॅपटॉप घरात ठेवला आणि तिच्याकडे गेले, ओटी बांधून वेचायला लागले. बोटांची सवय गेलीय, बोंडाचे काटे लागत होते. ती माझ्या दुप्पट वेगानं पुढं. म्हटलं, झालं एकदाचं दुरुस्त, आता नाही बिघडणार.

ती वेचत राहिली. ओळ संपवली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आणलंस का?"

"हाव. काहून?"

"काही नाही. आणलं तं आणलं."

मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. एकदम नाही, वेचता वेचता. मशीन बंद पडल्यापासून संध्याकाळी दिवे लागले की दोघं खाटेवर बसतात. बाला पाटीवर लिहून उपयोग नाही, तिला वाचता येत नाही. मग तीच बोलते. तो ऐकतो. हो असेल तर खाटेच्या लाकडावर टिचकी मारतो, नसेल तर हात हलवतो. सुरुवातीला शेळीचं, चाऱ्याचं, माझं, विजयचं. मग तिच्या माहेरचं. तिची एक लहान बहीण होती, विहिरीत पडून गेली. हे मलाही माहीत नव्हतं. बाला लग्नाच्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. "मी सांगत होती तं थो रडला," म्हणाली. "मले वाटलं नव्हतं थो रडन."

मी म्हटलं, मग आधी काहून नाही सांगितलं त्याला?

ती अशी बघायला लागली माझ्याकडे, जशी मी फारच शिकलेली आहे. म्हणाली, "कवा सांगू? पहिलं गळ्यानं बोलत होता तवा थोच बोलत होता. मशीन आलं तवा मशीन बोलत होतं. नायकाच्या घरात बोलणारा एकच राह्यते."

त्या नव्या फोनपुढे तिनं ओढणी ओढली, तेव्हा मला वाटलं होतं की तिला जुना आवाज हवाय. मी त्यासाठीच धडपडत होते. तिला कोणताच नको होता. मी तिला विचारलंच नव्हतं. बाला विचारलं, विजयशी भांडले, अमरावतीच्या सरांची परवानगी घेतली.

म्हटलं, लॅपटॉप परत नेऊ का?

"नको," ताबडतोब. "त्याले पाह्यजे. नसाबात थो पाटी आपटते तं मले पाह्यवत नाही. कारभारी त्याच्या बोलण्याचं पाणी करते." मग पुन्हा खाली वाकली. "माह्यं काय, मी बोलली बी नसती. तू इचारलं म्हणून."

संध्याकाळी बा आला. लॅपटॉप पाहून चेहरा उजळला. बसला, बोटं मोडली. मशीननं पहिलं वाक्य म्हटलं ते माझ्यासाठी, 'शाब्बास बेटा.' सरांचं सांगितलं, ठिपक्याचं विचारलं. दोन्हीला हो म्हणाला. मग तो बांधाचं सांगू लागला, पंचायतीत काय झालं, उद्या कुणाला बोलवायचं. आवाज खोलीभर. याडी दाराच्या उंबऱ्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती.

बाच्या लक्षात आलं असावं. त्यानं टाइप केलं, 'ही गप काहून?' मशीननं ते जसंच्या तसं, त्याच पत्र्याच्या आवाजात विचारलं.

मी खाली बघितलं. हे मी बोलायचं नव्हतं.

याडीनं शेंगांची टोपली बाजूला ठेवली. ओढणी सावरली, पण पुढे ओढली नाही. म्हणाली, "दिवसा तुमचं बोलणं साऱ्यांले पाह्यजे. बोला. पण दिवे लागले का मले बोलू द्या."

बस एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. पुन्हा शेंगा घेतल्या.

बाचे हात कळांवर होते. मला वाटलं आता टाइप करील. केलं नाही. हात उचललेही नाहीत. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. शेंग फुटल्याचा आवाज येत होता.

फाट्यावरची शेवटची एसटी चुकली असती. दोघांच्या पाया पडून निघाले. वळून पाहिलं तर बा तसाच बसलेला, याडी तशीच.

८ डिसेंबर

प्रकाशला सांगितलं. तो म्हणाला, आपल्या घरात कोण जास्त बोलतं? मी म्हटलं, तू. तो म्हणाला, तू. दोघंही हसलो, पण नंतर जेवताना दोघंही जरा जपून बोलत होतो.

१० डिसेंबर

ऑफिसात एका ग्राहकाच्या मशीनवर टूल्स टाकताना घड्याळाच्या खुणेपाशी हात थांबला. तिथं ती हवीच, बँकेचं काम आहे. लावली. तरी दर वेळी आता थांबेन असं दिसतंय.

ठिपका: दिवसा हिरवा. दुपारी थोडा वेळ राखाडी, म्हणजे बंद, जेवणं चालली असतील. दिवेलागणीला राखाडी. काल, परवाही तसंच.

उगाच बरं वाटलं. आणि लगेच ओशाळले. बा हो म्हणाला होता तो मशीन बिघडलं तर कळावं म्हणून. मी आई-बापाच्या दाराला कान लावल्यासारखी बसलेय.

११ डिसेंबर

पान बंद करून ठेवलं. कामापुरतंच उघडायचं. विजयचा फोन, बाचं मस्त चाललंय ना? म्हटलं, हो. याडी कशी? म्हटलं, तूच विचार तिला. तो म्हणाला, तिला काय विचारायचं, ती बाला फोन देते. मी म्हटलं, तरी विचार. आणि ती बोलेपर्यंत थांब.

१३ डिसेंबर

भांडणातल्या मोठ्या भावानं बांध मागे घेतला. कारभाऱ्याच्या मुलीनं सांगितलं, ती इथे पुसदला शिकते. बानं दोघांना समोर बसवलं आणि एकच वाक्य म्हणाला म्हणे, मग लॅपटॉपचं झाकण लावलं. आधी बा एका वाक्यात कधी थांबला नसता. मुलीला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला वाटलं.

विजयनंही आज कळवलं, याडी त्याच्याशी बोलली. बराच वेळ. काय बोलली ते त्यानं सांगितलं नाही, आवाज मात्र वेगळा होता त्याचा. तिच्या त्या लहान बहिणीचं असेल का? मी विचारलं नाही.

१५ डिसेंबर

ऑफिसचं काम संपवताना सगळी पानं बंद करायची होती, त्यात ते उघडलं गेलं. मुद्दाम नाही. की मुद्दाम, कुणास ठाऊक.

बाहेर दिवे लागलेत. आणि ठिपका हिरवा आहे.

या वेळेला तो कधी हिरवा नसतो. एक मन म्हणतं, बाला राहवलं नाही, पुन्हा सुरू झाला. दुसरं म्हणतं, याडीनंच काही विचारलं असेल, ज्याचं उत्तर टिचकीत मावत नाही. किंवा मी वाचण्याआधी पाटीवरून पुसलेलं तेच तो तिला सांगत असेल. किंवा कुणाच्या फोनवरून अमरावतीच्या सरांना ऐकवत असतील. किंवा नुसतं झाकण लावायचं राहिलं असेल.

फोन हातात घेतला. कारभाऱ्याच्या घरी लावला तर पोरगं धावत जाऊन याडीला बोलावून आणेल. ती उठून येईल.

फोन ठेवून दिला.

अजून हिरवाच आहे. प्रकाश हाक मारतोय, स्वयंपाक झालाय. जाते.